ऐकून घेणारा माणूस

आजोबांना जाऊन पंधरवडा झाला आणि घरात त्यांच्यावरच्या प्रेमाला नुसता ऊत आला. हॉलमध्ये भाड्याच्या खुर्च्या मांडून शोकसभा भरवली. माईक हातात येताच मोठ्या काकांनी गळा काढला, "बाबांसारखा ऐकून घेणारा माणूस होणे नाही! मी तासन्‌तास रडगाणं गायचो, पण बाबांनी एका शब्दानं मधे तोंड घातलं नाही."

आत्यानं लगेच री ओढली, "शेवटची दोन वर्षं तर कुणी काहीही बोला, नुसते गोड हसायचे. देवमाणूस!"

पन्नास माना डोलल्या. त्यात माझीही होती.

सभा संपल्यावर मागच्या रांगेतले एक अनोळखी गृहस्थ माझ्याजवळ आले. "तुम्ही नात ना त्यांची?" असं विचारून त्यांनी एक छोटी डबी माझ्या हातावर ठेवली.

 

"आजोबांचं कानाचं मशीन. दुरुस्त करून दोन वर्षं माझ्या दुकानात पडलंय. दर महिन्याला फोन करायचो, आणि तुमचे हे माईकवाले काका म्हणायचे, 'उद्या येतो न्यायला.'"