ढीग उपसून बघ

नेव्हिलने कुंपणाच्या तळाशी हेजहॉगना ये-जा करायला वीतभर भोक पाडलं, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्याला देवमाणूस ठरवलं. मी भिंतीला भिंत लावून राहते, मला सगळं ऐकू येतं. त्याच्या बायकोने, जोसलिनने, एकदा त्या काटेरी जिवांसाठी बशीत दूध ठेवलं. दुधाने त्यांचं पोट बिघडतं, म्हणून त्याने तिचं मनगट पिरगाळून मोडलं. तिने वाफ्यात गोगलगाई मारायचं विष टाकलं, तेव्हा ते हेजहॉगच्या पोटात जाईल म्हणून फावड्याच्या दांड्याने तिचे दोन दात पाडले.

दर पाच नोव्हेंबरला इंग्लंडात घरोघर शेकोट्या पेटतात; त्या शेकोटीसाठी रचलेला लाकडांचा ढीग तो स्वतः उपसून बघायचा. आत हेजहॉग झोपलेला नाही याची खात्री झाली, की मगच काडी लावायचा.

यंदा ढीग जोसलिनने एकटीने रचला होता, चांगला पुरुषभर उंच. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता. फावडं मात्र स्वच्छ धुऊन भिंतीला टेकवलेलं होतं.

"नेव्हिल कुठाय गं? दोन दिवस आवाज नाही त्याचा," मी कुंपणावरून विचारलं.

"बहिणीकडे गेलाय."

"गाडी इथेच ठेवून?"

तिने ढिगावर रॉकेल ओतलं.

"अगं, आधी ढीग उपसून बघितलास का? नाहीतर आल्यावर जीव घेईल तुझा."

जोसलिनने काडी ओढली.



"बघितला की. आत हेजहॉग नाहीये."