दोन बहिणींची झाकणं

कॅनरमधून, बरण्या उकडून टिकवायच्या मोठ्या कुकरमधून, वाफ निघाली, पण निघू नये तिथून, झाकणाच्या कडेने. लेनोराने गॅस बंद केला.

आत नुसतं पाणी होतं. शेंगांच्या बरण्या ठेवण्याआधी दर उन्हाळ्यात एकदा कॅनर असा चालवून बघायचा, ही तिच्या आईची, आर्डिथची, रीत. लेनोराने सगळं आईसारखं केलं होतं. वाफेचं भोक उजेडात धरून पाहिलं, त्यातून दोरा ओवून काढला. दाबाचा काटा गावात नेऊन तपासून आणला. या कॅनरला रबर नसतं, धातूवर धातू बसतो, म्हणून दोन्ही कडांना तेलाचं बोट फिरवलं. समोरासमोरचे स्क्रू जोडीने आवळले. तरी डाव्या अंगाने फुस्स.

पडवीत शेंगा मोडून तयार होत्या. केंटकीच्या डोंगरात जुलैतल्या शेंगा एका दिवसात राठ होतात. पण तिचा जीव शेंगांत नव्हता. झाकण वाकलं असेल तर कॅनर भंगारात जाणार, आणि आईच्या घरातून तिने एवढी एकच वस्तू मागून घेतली होती.

दार ढकलून वेल्डा मावशी आत आली. काखेत तिचा कॅनर, हुबेहूब असाच. दोघी बहिणींनी एकाच दिवशी घेतलेले.

"तुझ्या शेगडीवर लावून बघते," मावशी म्हणाली. "माझ्याकडे मेला नुसता फुसफुसतोय. आर्डिथ गेल्यापासून एकदा धड चालला नाही. वर बसून खोड्या काढतेय माझ्या."

"आईला दुसरी कामं नाहीत का, मावशी?"

"जन्मभर दुसरं काय केलं तिने?"

बोलता बोलता मावशी शेगडीपाशी वाकली. लेनोराच्या कॅनरच्या झाकणाच्या मुठीवर तांब्याची तार गुंडाळलेली होती.

"ही तार कुणाची?"

"आईने गुंडाळली असेल."

"आर्डिथने? तिला बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती. ही तुझ्या काकांनी गुंडाळली. हे माझं झाकण आहे, लेनोरा."

दोघींना एकदमच आठवलं. दफनाच्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात दोन्ही कॅनरांत बटाटे उकडले होते. जेवणं झाल्यावर दोघींना मोरीकडे कुणी फिरकू दिलं नव्हतं. बायकांनी परस्पर भांडी घासली आणि हाताला येईल ते झाकण घातलं. आणि धातूवर धातू बसणारं झाकण आपल्याच भांड्याला घट्ट बसतं.

"ज्यांचं माणूस गेलं त्यांनी भांडी घासायची नाहीत म्हणे," मावशी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिने खुर्ची धरली. "आणि मी त्या बिचारीला रोज शिव्या घालतेय."

"ऐकून घेतल्या असतील तिने?"

"छे. दामदुपटीने परत केल्या असतील."

झाकणं बदलली. पुन्हा तेलाचं बोट फिरलं. दोन्ही कॅनर शेजारी शेजारी चढले. वाफ आता भोकातून सरळ वर गेली. लेनोराने त्यावर शिटीसारखी वजनं ठेवली आणि कडेपाशी हात धरून पाहिला. कड कोरडी. काटा चढू लागला.

मावशी कॉफी घेऊन शेगडीकडे पाठ करून बसली आणि बटाटे कुणी अळणी केले होते ते सांगू लागली. तेवढ्यात आईच्या कॅनरचं वजन खडखडायला लागलं.

"आर्डिथ, गॅस कमी कर," मावशी मागे न बघता म्हणाली. "कितीदा सांगायचं तुला?"

"करते गं," लेनोरा म्हणाली, आणि तिने गॅस बारीक केला.