एक पाऊल मागे

"सावकाश ऊठ," ज्ञानदेव म्हणाले.

सुनेत्रा केव्हाच उठली होती. नर्सने नाव पुकारलं तशी ती खुर्चीच्या हाताला हातही न लावता उभी राहिली होती. पण हे 'सावकाश' गेली अकरा वर्षं तिच्या मागे होतं. आता त्याचा राग येण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

पहिल्यांदा खुबा बदलला, तो सहा वर्षांत सैल झाला. मग तो काढून दुसरा, लांब दांड्याचा बसवला. त्या दुसऱ्या ऑपरेशनने तिला पार पिळून काढलं. तेव्हापासून ज्ञानदेव तिच्या एक पाऊल मागे चालायचे. पडलीस तर धरायला कोणी नको का, म्हणायचे. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या या ट्रॉय गावातल्या बर्फात, दुकानात, बुद्धवंदनेला कुणाच्या बेसमेंटमध्ये उतरताना, सगळीकडे पुढे ती आणि मागे ते, हातात तिची काठी घेऊन. इथल्या मराठी मंडळातली पोरं त्यांना 'मॅडम आणि बॉडीगार्ड' म्हणत.

काठी तिने कधीच सोडली होती. ते मात्र न चुकता ती गाडीतून काढायचे. "लागली तर?" मागच्याच आठवड्यात त्यांनी काठीला नवं रबरी बूच आणून बसवलं.

"वापर नाही तर झिजलं कसं हो?"

"हल्लीचं रबर टिकतं कुठे."

घरी मात्र हा बॉडीगार्ड खुर्चीतून हलायचा नाही. पाणी हवं, हाक मार. चष्मा हवा, हाक मार. वर पुन्हा, "तुला डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय." रिटायर झालेली माणसं अशीच सुस्तावतात, असं मनाशी म्हणून ती उठायची.

आज तिला एकच गोष्ट पक्की करून घ्यायची होती. नागपूरला रत्नाताई, तिची थोरली बहीण, अंथरुणाला खिळली होती. फोनवर एवढंच विचारायची, "येतेस ना गं?" आणि दर वेळी ज्ञानदेव आडवे यायचे. विमानतळावर डेट्रॉइटला चाला, फ्रँकफर्टला चाला, मुंबईला चाला, तुझ्या खुब्याला झेपायचं नाही. व्हीलचेअर मागू, म्हटलं. अर्धं विमान मागतं, आणि मुंबईला उतरलं की तीच माणसं बॅगांकडे पळत सुटतात. तर म्हणाले, "आपल्याला नको कुणी ढकलायला." एकटी जाते म्हटलं, तर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

म्हणून आज डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं.

डॉक्टर तरुण होत्या. आधीचे सर्जन रिटायर झाल्यावर आलेल्या. त्यांनी स्क्रीनवर एक्स-रे मोठा केला, जुन्या एक्स-रेशी ताडून पाहिला. "जागचा हललेला नाही. फार छान टिकलाय."

"मग मी इंडियाला जाऊ शकते?" सुनेत्राने विचारलं. "यांना जरा नीट सांगा."

ज्ञानदेव खाली बघत होते. गुडघ्यांत धरलेली काठी हळूहळू फिरवत होते.

"आधी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालून दाखवा, मग सांगते," डॉक्टर म्हणाल्या. ज्ञानदेव उठू लागले, तसं हाताने थोपवून म्हणाल्या, "नाही सर, तुम्ही बसा. मला यांची चाल बघायचीय."

सुनेत्रा निघाली. डॉक्टर दारात उभ्या राहून बघू लागल्या. चाल सरळ पडत होती, दुखत काही नव्हतं, तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. अर्ध्यावर गेल्यावर तिच्या लक्षात आलं. मागून येणारी काठीची ती टप्, टप् नव्हती. इतकी वर्षं तिला वाटायचं, रिकाम्या हाताचा चाळा आहे.

टोकाला पोचता पोचता तो आवाज पुन्हा सुरू झाला. राहवलं नाही वाटतं माणसाला. आता चांगलं सुनवायचं, म्हणून ती वळली.

ज्ञानदेव समोरून येत होते. पुढे चालणाऱ्या बाईला मागच्या माणसाची चाल दिसत नाही, तिनेही ती पाहिली नव्हती. दर पावलाला त्यांचा डावा खांदा खाली जात होता. सगळा भार काठीवर. ओठ घट्ट मिटलेले. एक हात भिंतीला.

तिला वळलेलं बघून ते जागीच थांबले. भिंतीवरचा हात काढला, पाठ ताठ केली आणि काठी जमिनीवरून उचलून तिच्यापुढे धरली.

"काठी विसरलीस," म्हणाले.

दारातल्या डॉक्टर आता सुनेत्राकडे बघत नव्हत्या.

सुनेत्रा परत आली. अजिबात घाई न करता. आज ताईचा फोन येईल, तेव्हा काय सांगायचं ते तिला कळलं होतं आणि त्याचा शीणही आत्ताच आला होता. तिने त्यांच्या हातातली काठी घेतली नाही. त्यांची मूठ धरून ती पुन्हा जमिनीला टेकवली.

"मग नागपूर?" त्यांनी हळूच विचारलं.

"आधी तुमचा एक्स-रे."

मग ती वळसा घालून त्यांच्या पाठीशी गेली, एक पाऊल मागे उभी राहिली आणि म्हणाली, "चला. सावकाश."