काटा खालीच होता

गरम पाण्याच्या डब्यात सेन्सर बुडवून चंदू मेकॅनिकने मल्टिमीटर पुढे केला. "बघा साहेब, पाणी वाफाळतंय, पण आकडा हलत नाय. सेन्सर गेलाय. इंजिन कितीपण तापू दे, टेंपरेचरचा काटा थंडच दाखवणार."

अभिजीतची मान खाली गेली.

मागच्या महिन्यात जांभूळ गावाजवळ गाडी उकळून बंद पडली होती. इंजिनचं हेड उतरवायची पाळी आली. काटा खालीच होता, असं त्याचे वडील शिवरामभाऊ परोपरीने सांगत होते. त्याने ऐकलं नाही. तुमचं लक्ष नसतं, असं सोसायटीच्या गेटवर चारचौघांत सुनावलं आणि चावी काढून घेतली. तेव्हापासून नात वेणू रिक्षाने क्लासला जाते आणि आजोबा गॅलरीत बसून असतात. पेपरही उघडत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्याने.

चंदूने मल्टिमीटर शेजारी उभ्या शिवरामभाऊंनाही दाखवला. त्यांनी न बघताच मान हलवली. अजून रुसलेत, अभिजीतला वाटलं, आणि का नाही रुसायचं त्यांनी?

त्याने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. "बाबा, चुकलं माझं. उद्यापासून वेणूला तुम्हीच सोडा."

शिवरामभाऊंनी चावी चाचपून तिच्यावर मूठ मिटली. अभिजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा सेन्सर बसवण्याआधी चंदूला डॅशबोर्डवरचा काटा तपासायचा होता. शिवरामभाऊंना स्टिअरिंगवर बसवून त्याने फक्त चावी फिरवायला सांगितली. बॉनेटपाशी तो अभिजीतला हळूच म्हणाला, "सेन्सरची वायर बॉडीला टेकवली की काटा सीधा वर जायला पाहिजे. नाय गेला तर डॅशबोर्डपण खोलावा लागेल."

त्याने वायर टेकवली. "काका, काटा कुठंय?"

"खालीच," शिवरामभाऊ ठामपणे म्हणाले.

चंदूने वायरचं टोक घासून पुन्हा टेकवलं. "आता?"

"खालीच आहे रे. तेव्हाही खालीच होता."

चंदू वैतागला. नीट बघितलं का, असं विचारणार होता, पण अभिजीतने त्याला अडवलं. बाबा म्हणतात तर खालीच असणार, खोल डॅशबोर्ड, असं म्हणून तो वडिलांच्या खांद्यावर हात ठेवायला खिडकीपाशी गेला.

चंदू अजून वायर टेकवूनच उभा होता. शिवरामभाऊ डॅशबोर्डकडे टक लावून बघत होते.

काटा पार वर, लाल पट्टीत होता.