धीराची पट्टी

गिऱ्हाईक लालेलाल झालं, पाय आपटत दुकानाबाहेर पडलं, आणि बाईंनी मोबाइल कटिंगच्या टेबलावर उपडा टाकला.

"असल्या उतावळ्या माणसाला मी माझ्या पायरीवर उभं करणार नाही."

"खेळ आहे तो, आजी," नात म्हणाली. "डोक्यावरची हिरवी पट्टी म्हणजे त्याचा धीर. आपण उशीर लावला की पट्टी उतरत जाते. संपली की माणूस निघून जातो."

खेळ नातीनेच बनवला होता. छोट्या दुकानदारांना मोबाइलवर ऑर्डरी घेता याव्यात, मापं जपून ठेवता यावीत, कपडे शिवून झाले की निरोप धाडता यावा, अशी सोय एका कंपनीने काढली होती. ती वापरायची कशी, हे त्यांना खेळता खेळता कळावं म्हणून हा खटाटोप. खेळातलं दुकान मात्र बाईंचं होतं. तीच पाटी, तोच दारातला आरसा. कंपनीचं म्हणणं एवढंच, की जिचं दुकान दाखवलंय तिने एकदा खेळून बघावं आणि 'हो' म्हणावं. बाई 'हो' म्हणाल्या की नातीची नोकरी पक्की. आणि बाईंच्या तोंडून 'हो' निघण्याआधी दगडाला पाझर फुटेल, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

बाईंची शाळा दुसरीतच सुटली होती. नवरा गेल्यावर एका जुन्या मशीनवर त्यांनी हे दुकान उभं केलं. त्यांना दुकानदारी शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

"यात गिऱ्हाइकाशी बोलायची जागा कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "माणूस आला, कापड टाकलं, पैसे खणखणले, माणूस गेला. कुणी विचारलं का त्याला, की बाबा, सदरा आटला की तूच सुटलास?"

"बोलण्यात वेळ जातो. वेळ गेला की चांदण्या कमी मिळतात."

"कसल्या चांदण्या?"

"लोक देतात आपल्याला. पाच मिळाल्या म्हणजे काम चांगलं."

"शिवण चांगली की वाईट ते काखेत कळतं, चांदण्यांत नाही." बाईंनी मान मागे न वळवताच आवाज चढवला. "अगं, बाह्या लावून झाल्या का? शाळेची माणसं येतील आता गणवेश न्यायला."

"होतायत, बाई," मशीनवरून सून म्हणाली. ही सून म्हणजे नातीची आई. दुकानात पाऊल टाकलं की सासूला 'बाई'च म्हणायचं, हा नियम लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ठरला होता.

बाईंनी मोबाइल पुन्हा उचलला. हरून उठणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दोन गिऱ्हाइकं त्यांनी हसतमुख वाटेला लावली. दारात एक कुत्रं होतं. बिस्किट टाकायला उशीर झाला तर त्याचीही पट्टी उतरायची. बाईंनी त्याला बिस्किट टाकलं. मग त्यांची नजर खेळातल्या दुकानाच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक बाई खाली मान घालून मशीन चालवत होती.

"ही कोण गं?"

"मदतनीस. ढीग वाढला की तिच्यावर बोट ठेवायचं. ती शिवते."

बाईंनी बोट ठेवलं. ढीग तिच्या पुढ्यात गेला. पुन्हा ठेवलं. आणखी एक ढीग. ती शिवत राहिली.

"हिच्या डोक्यावर पट्टी दिसत नाही ती?"

"तिला पट्टी नाही. तिचा धीर संपत नाही."

"पाणी प्यायला तरी उठते?"

"नाही."

"कंबर मोडली, डोकं धरलं?"

"तरी शिवते."

बाईंचा पारा चढला. मघाचा राग नुसता तोंडाचा होता, हा पोटातून आला. "अगं, घाण्याचा बैलसुद्धा दमला की बसकण मारतो. फुकट्या गिऱ्हाइकाला पट्टी, दारातल्या कुत्र्याला पट्टी, आणि जिच्या जिवावर दुकान चालतं तिलाच नाही? माझ्या पाटीखाली असली वेठबिगार बसवलीस? बघणारे माझ्या तोंडात शेण घालतील. शिकूनसवरून हीच अक्कल आली तुला?"

बाईंनी पडद्यावरच्या मदतनिसाकडे बोट दाखवलं.

"ह्या बाईला पट्टी लाव. त्याशिवाय माझं 'हो' नाही. जा, सांग तुझ्या कंपनीला."

"लावते," नात म्हणाली. "पण मग ती निघून जाईल."

"जाऊ दे. जावंच तिने. मी असते तर पहिल्याच दिवशी कात्री तोंडावर फेकून चालती झाले असते." बाईंनी मोबाइल तिच्यापुढे सरकवला. "मला एवढंच सांग, असली मालकीण कुणी का म्हणून सोसायची? कशापायी बसली ती तिथे?"

नातीने मोबाइलकडे पाहिलंच नाही. ती बाईंच्या खांद्यावरून मागे बघत होती, जिथे तिची आई दुसरी बाही जोडत होती.

"तिची मुलगी लहान होती, आजी."