गळ्यापर्यंत बटणं

नेवेंका पाइनच्या खोडाआड उभी राहून नवऱ्याला शोधत होती. समुद्राकाठच्या सपाट खडकावर वीसेक माणसं आपापल्या टॉवेलवर उताणी पडली होती. सगळी नागडी, कुणाच्या हातात साधं घड्याळही नाही. तिच्याही खांद्यावर टॉवेल तेवढा होता. पुढच्या रांगेत तिला तिहोमिर दिसला. अंगात शर्ट नव्हता.

वीस उन्हाळे ती दोघं इस्त्रियाच्या किनाऱ्यावरच्या ह्या नग्नांच्या कॅम्पावर येत होती. इतक्या बायांमध्ये उघडा वावरणाऱ्या नवऱ्याचा तिला कधी संशय आला नव्हता. पण गेल्या हिवाळ्यात त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, पोटाला मलाची पिशवी लागली, आणि तेव्हापासून तो बायकोसमोर शर्ट काढेना. पिशवी बदलायची तीही आतून कडी लावून. यंदा कॅम्पावरही गळ्यापर्यंत बटणं. लाजतो बिचारा, म्हणून ती गप्प बसली होती. काल शेजारच्या तंबूतली बिसेर्का म्हणाली, "अगं, तुझा तिहो सकाळी सान्याच्या योगाला काय सुरेख वाकतो! लाजतो म्हणतेस, मला तर कुठं दिसली नाही लाज." नेवेंकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला तो रोज सांगून जायचा, पाव आणायला चाललोय म्हणून!

सान्या तिशीची. पाठ ताठ, आवाज मऊ. "श्वास सोडा," म्हणत ती रांगेतून चालली होती. तिहोमिरपाशी ती वाकली, त्याचा खांदा तिनं नीट टेकवला आणि पुढे गेली. पिशवी तिथंच होती, पोटावर, उन्हात. सान्यानं तिकडे पाहिलंही नाही. कुणीच पाहत नव्हतं. नेवेंकाला मात्र दुसरं काही दिसेना.

इस्पितळातल्या बाकावर दिवस काढले कुणी? चमच्यानं सूप भरवलं कुणी? आणि पोट उघडं पडणार ते हिच्यासमोर! तिला सान्याचा हेवा वाटला. शेजारच्या टॉवेलवर घोरणाऱ्या टकल्या जर्मनाचाही वाटला. त्यानं असं काय पुण्य केलं होतं?

वर्ग सुटला. तिहोमिरनं शर्ट चढवला, एकेक बटण लावलं आणि तो पावाच्या दुकानाकडे निघून गेला. नेवेंका तरातरा खडकावर आली.

"नवीन का, मावशी?" सान्यानं विचारलं. "उद्या सातला या. टॉवेल आपला आणा."

"तो शर्ट घालून गेला ना आत्ता," नेवेंका म्हणाली, "त्याच्यावर बराच जीव दिसतो तुझा."

"तिहोमिरकाका?" सान्या हसली. "जीव लावावा असाच माणूस आहे. पहिल्याच दिवशी म्हणाले, आसनं राहू देत पोरी, बायकोपुढं पोट उघडं करायचा धीर येईल, एवढं शिकव. दोन आठवडे झाले, अजून येत नाही म्हणतात. मी म्हटलं, काका, ह्या वीस जणांपुढं जमतं, मग तिच्याचपुढं का नाही?"

"मग?" नेवेंकानं विचारलं.

"म्हणाले, ह्यांच्या नजरेतून उतरलो तर माझं काय जाणार आहे?"