जगनचं आवतण

हळदीच्या मांडवात घरातल्या सगळ्या मेलेल्यांना आवतण गेलं, एकट्या जगनचं राहिलं.

हौसाबाई गाता गाता थांबली होती. आगऱ्यांच्या लग्नात धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गाणारी धवलारीण अशी मध्येच थांबत नाही. आधी देव, मग घरातले गेलेले, एकेकाला नाव घेऊन गाण्यातून बोलवायचं, तेव्हा कुठे नवरीला हळद लागते. ज्याचं नाव सुटलं तो मांडवाबाहेर उपाशी ताटकळतो म्हणतात. खोटंही असेल, पण आजवर कुणी नाव सोडून पाहिलेलं नाही. हौसाबाईनं सासरा घेतला, नवरा घेतला, बाळंतपणात गेलेली जाऊ घेतली. पुढचं नाव पोटच्या पोराचं होतं.

जगनला काविळीनं नेलं त्याला वर्ष झालं. त्याच्या रेकॉर्डी मात्र पनवेलपासून उरणपर्यंत दर मांडवात वाजत होत्या. पहिली रेकॉर्ड त्यानं आईच्याच धवल्याची केली. तासाभराचं गाणं कापून तीन मिनिटांवर आणलं, देव गाळले, पितर गाळले, क्लॅरिनेट घातली, आणि अख्खा तालुका नाचायला लागला. मग धवलारणींना कोण विचारतो? ती रेकॉर्ड लागली की हौसाबाई कानावर पदर ओढून चालू पडायची. मुलाशी ती शेवटची दोन वर्षं धड बोलली नव्हती, आणि ते आता तिला रात्रंदिवस खात होतं.

"आये, घे ना त्याचं नाव," थोरला तुळशीराम हळूच म्हणाला. लग्न त्याच्याच पोरीचं. शकू केव्हाची पाटावर बसून होती.

"कंच्या तोंडानं घेऊ? गानं चोरलंस, असं बोललेली मी त्याला. यायचा नाय तो."

हौसाबाईनं कोपऱ्यातल्या लाउडस्पीकरवाल्याकडे पाहिलं.

"दिनानाथ, त्याची तबकडी हाय तुज्याकडं?"

"आहे काकू. पण तुळशीरामशेटनी आज लावू नको म्हणून सांगितलंय."

"लाव."

भोंग्यातून जगन गायला लागला. एरवी या चालीवर म्हातारेकोतारेसुद्धा कंबर हलवतात. आज कुणी जागचं हललं नाही.

"कसली घाई याला," हौसाबाई पुटपुटली. देवांची जागा आली आणि तिथं क्लॅरिनेट वाजली, तेव्हा तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मग एकदम हात वर केला.

"मागं घे. तेवडंच परत लाव."

दिनानाथनं सुई उचलून मागे ठेवली. जगननं एक शब्द मध्येच तोडला, श्वास घेतला, आणि उरलेला शब्द पुरा केला.

"दम लागला असंल," एक बाई म्हणाली.

"त्याला कसला दम लागतोय? खाडीत हाक मारली तर पल्याडच्या काठाला ऐकू जायची त्याची." हौसाबाईनं छातीवर हात ठेवला. "हा दम माजा हाय. चुलीच्या धुरानं छाती गेली तवापासून मी हितंच थांबतंय. त्यानं सगलं बदललं, येवडं ठेवलं."

ती रडली. सगळ्यांदेखत, तोंड न लपवता रडली. रेकॉर्ड संपली तरी कुणाच्या ते लक्षात आलं नाही, सुई नुसतीच खरखरत राहिली.

दिनानाथनं यंत्र बंद केल्यावर हौसाबाईनं डोळे पुसले आणि जाऊबाईच्या नावापासून गाणं पुन्हा धरलं. मग जगनचं नाव घेतलं. गेलेल्या माणसाला एकदाच बोलवायचं असतं. तिनं त्याला तीनदा बोलावलं, आणि तरी हळदीच्या वाटीला हात न लावता मांडवाच्या दाराकडे बघत राहिली.

तुळशीरामही दाराकडे पाहत होता. शेवटी तोच म्हणाला, "आये, आला तो. लाव आता हलद."